तहकूब डाव

वाचकहो, मावळातील पावसाळा ज्यांनी घरातील वृद्ध माणसाच्या सोबतीने काढला आहे, त्यांना मी काय म्हणते ते फार उलगडून सांगावे लागणार नाही. बाहेरगावच्या लोकांना आमचे लोणावळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रमणीय वाटते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागतात, भाजलेल्या कणसांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. परंतु ज्यांचे गुडघे धरलेले आहेत, ज्यांना शेवाळलेल्या पायरीची धास्ती वाटते, त्यांना हेच चार महिने खिडकीपाशी काढावे लागतात. भिंतींना ओल येते, वर्तमानपत्र हातात मऊ पडते, धुके असे दाटते की समोरच्या घरातला दिवाही दिसत नाही. सकाळचे फिरणे थांबते. देवळातली बैठक थांबते. रेल्वे स्थानकाच्या बाकावर जमणारी समवयस्क मंडळी आपापल्या घरात अडकून पडतात. वृद्धांचा आहार, औषधे, व्यायाम यांविषयी आपण सारे पुष्कळ वाचतो. पण दुपारचा चहा झाल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे ते लांबलचक चार तास कसे घालवावेत, हे कोणी फारसे सांगत नाही.

माझे सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. रेल्वेत ते मालगाडीचे गार्ड होते आणि नोकरीचा मोठा काळ त्यांनी कर्जत-लोणावळा या घाटातच काढला. १८६३ साली सुरू झालेला हा बोरघाटाचा लोहमार्ग किती खडा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल: सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. ती इंजिने मागून रेटतात तेव्हा गाडी घाट चढते. हा बँकर आमच्या घरच्या बोलण्यात सदैव येत असतो. कोणाचे लग्न जमले, कोणी परीक्षेत उत्तीर्ण झाले, तर सासरे हटकून विचारतात, “मागे बँकर कोण लागला होता?”

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विस्मरणाचे निदान झाले. स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची अवस्था आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना दहा मिनिटांनी आठवत नाही. एकच प्रश्न ते तीनदा विचारतात. मात्र कर्जतच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतिगृहात, पन्नास वर्षांपूर्वी कोणाबरोबर बुद्धिबळाचा कोणता डाव कसा रंगला, हे ते मोहरा-मोहरा सांगू शकतात. ते शिकले ती आपली जुनी देशी पद्धत. तीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरकते, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी घेता येते, आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या पट्टीवरचा मोहरा होते, वाटेल तेव्हा वजीर होत नाही. आंतरराष्ट्रीय नियम ते नंतर शिकले आणि त्यांना अजूनही ते थोडे उतावळे वाटतात.

२०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जिया देशातल्या बटुमी या समुद्रकाठच्या शहरात महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा झाली. १०७ जणी खेळायला बसल्या होत्या. हरेल ती बाहेर, अशी पद्धत. अंतिम फेरीत पोचलेल्या दोघीही भारतीय होत्या. एक आंध्रची कोनेरू हम्पी, वय अडतीस. दुसरी नागपूरची दिव्या देशमुख, वय एकोणीस. आपल्या मराठी घरांत या बातमीने किती उत्साह आला असेल, हे मी सांगायला नको. दिव्याचे आई-वडील दोघेही डॉक्टर आहेत. स्पर्धेच्या मानांकनात ती पंधरावी होती आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष तिने तोवर पूर्ण केलेला नव्हता. तरीही चीनच्या झू जिनरला, मग आपल्याच हरिका द्रोणवल्लीला, आणि उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिला हरवून ती इथवर आली होती. तानविरुद्धचा निर्णायक डाव एकशे एक चाली चालला.

हम्पीची कहाणी निराळ्या प्रकारची आहे. २००२ साली, पंधरा वर्षांची असताना ती ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी एवढ्या लहान वयात जगातल्या कोणत्याही मुलीने हा किताब मिळवलेला नव्हता. दिव्याचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. लग्न झाले, मुलगी झाली, तेव्हा हम्पी सुमारे दोन वर्षे पटापासून दूर राहिली. परतल्यावर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती ठरली. माझ्या सासऱ्यांना दिव्या ‘आपली’ असूनही त्यांनी बाजू घेतली ती हम्पीची. मी कारण विचारले. ते म्हणाले, “लेकुरवाळी आहे ती. घर सांभाळून खेळते आहे. त्या पोरीला अजून चाळीस वर्षं पडली आहेत.” अशा विधानावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मुलगा नागपूरकरणीच्या बाजूने, सासरे हम्पीच्या बाजूने आणि मी चहाच्या बाजूने, अशी आमच्या घरात विभागणी झाली.

पहिला डाव शनिवारी, २६ जुलैला झाला, दुसरा रविवारी. दोन्ही बरोबरीत सुटले. या डावांत पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकीला नव्वद मिनिटे, पुढे आणखी तीस मिनिटे, आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंदांची भर असते. म्हणजे एकेक डाव चार-पाच तास सहज चालतो. मोबाइल दूरचित्रवाणीला जोडून मुलाने थेट प्रक्षेपण लावून दिले होते. त्यात पटाशेजारी एक उभी पट्टी असते. कोण जिंकत आहे ते संगणक क्षणोक्षणी त्या पट्टीवर दाखवतो. सासऱ्यांनी पाचच मिनिटांत भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने पान मागितले आणि ती पट्टी झाकायला लावली. “उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कुणी पेपर बघतं का?” हे त्यांचे म्हणणे. वाचकहो, ही युक्ती मी आपल्यालाही मनापासून सुचवते. पट्टी झाकली की एकेका चालीवर माणसे बोलू लागतात, चुकतात, हसतात. पट्टी उघडी असली की सगळे नुसते निकालाकडे डोळे लावून बसतात.

सोमवारी, २८ जुलैला, कोंडी फोडण्यासाठी जलद डाव झाले. तो श्रावणातला पहिला सोमवार होता. सासऱ्यांचा उपवास. साबुदाण्याची खिचडी मी दुपारीच दिली होती, कारण वृद्धांनी दिवसभर पोट रिकामे ठेवून औषधे घेणे बरे नव्हे, एवढे तरी आमच्या घरात ठरलेले आहे. जलद डावात प्रत्येकीला फक्त पंधरा मिनिटे आणि चालीमागे दहा सेकंद. पहिला डाव पुन्हा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबला, पटावरची मोहरी कमी होत गेली आणि दोघींच्या घड्याळात मिनिटांऐवजी सेकंद उरले. या अवस्थेत हम्पीकडून चुका झाल्या. दिव्याच्या बाजूनेही सर्व काही अचूक होते असे नाही, पण शेवटची चूक तिची नव्हती. हम्पीने डाव सोडला, हात पुढे केला. दिव्या उठली, आणि आईजवळ जाताच तिला रडू आवरेना.

त्या दिवशी ती महिलांचा विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय ठरली आणि त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी. तिची आई स्पर्धेत सोबत होती हे कळताच सासरे म्हणाले, “बघ, बँकर.” मग बराच वेळ ते गप्प होते. पडद्यावर आता दिव्याच दिसत होती, पण त्यांनी विचारले, “ती दुसरी कुठे गेली?”

हा प्रश्न माझ्या मनात राहिला आणि हा लेख खरे तर त्यामुळेच लिहावासा वाटला.

अडतीस वर्षे हे म्हातारपण नव्हे, हे उघड आहे. परंतु या डावात घड्याळाने जे केले, तेच आपल्या घरातील वृद्धांच्या बाबतीत रोज घडते, असे मला वाटू लागले आहे. वय वाढते तसा विचारांचा वेग मंदावतो. नवी माहिती पकडून ठेवणे, दोन गोष्टी एकदम मनात घोळवणे कठीण होते. मात्र आयुष्यभर साठवलेली जाण, शब्दसंपदा, हातात मुरलेले कौशल्य हे पुष्कळ काळ टिकते. आपण वृद्धांना प्रश्न विचारतो आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारतो. दाराशी रिक्षा उभी असते, दवाखान्यात पुढचा रुग्ण थांबलेला असतो, बँकेच्या खिडकीमागे रांग असते. त्यांना उत्तर येत नाही असे आपण समजतो. वस्तुतः पुष्कळदा त्यांना फक्त जलद डावात बसवलेले असते. माझ्या सासऱ्यांना ‘आज कोण आले होते?’ असे विचारून मी मनात वीस आकडे मोजते. सात-आठ वेळा तरी उत्तर पंधराव्या आकड्याच्या पुढे आले आहे, आणि बरोबर आले आहे.

जुने डाव त्यांना आठवतात आणि गोळी आठवत नाही, याचे आम्हाला प्रथम फार नवल वाटे. मनातून थोडा रागही येई, की हे मुद्दामच करतात की काय. १९७३ साली अमेरिकेतील चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. खऱ्या डावातली स्थिती निष्णात खेळाडूला पाच सेकंद दाखवली, तर तो बहुतेक सगळी मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडू शकतो. नवख्याला ते जमत नाही. पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली, तर निष्णाताचीही स्मरणशक्ती नवख्याइतकीच ठरते. त्याला एकेक मोहरा आठवत नसतो. त्याला आकृती ओळखू येते, जसे आपल्याला अक्षर-अक्षर न लावता शब्द वाचता येतो. सासऱ्यांच्या मनात अशा आकृती पन्नास वर्षे मुरलेल्या आहेत. सकाळच्या गोळीची कोणतीच आकृती नाही. ती विखुरलेल्या सोंगटीसारखी एकटीच असते. म्हणून आम्ही तिला आकृतीत बसवण्याचा प्रयत्न केला. आता गोळी देवपूजेनंतर, तुळशीला पाणी घालण्याआधी, त्याच वाटीत, त्याच पाटावर असते. सातही दिवसांच्या कप्प्यांची डबी आहेच, आणि ती मी स्वतः तपासते; आकृतीवर सर्वस्वी विसंबून राहण्याइतकी मी धाडसी नाही.

बुद्धिबळ हा बसून खेळण्याचा खेळ, त्यात शरीराचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. आधी सहा डाव जिंकेल तो विजयी, असा नियम होता. बरोबरीमागून बरोबरी होत राहिली. पाच महिने गेले, अठ्ठेचाळीस डाव झाले, आणि १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन सामना निकालाविना थांबवला. कार्पोव्हचे वजन दहा किलोंच्या आसपास घटल्याचे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. त्यावरून हल्ली मोबाइलवर असा एक संदेश फिरतो, की बुद्धिबळपटू नुसते बसून दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतात. वाचकहो, यावर विश्वास ठेवून आजोबांच्या ताटात जादा लाडू वाढू नका. विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा मेंदू घेतो, हे खरे. पण कठीण विचार केल्याने तो आकडा फार थोडा वाढतो. वजन घटते ते ताणामुळे, अपुऱ्या झोपेमुळे आणि जेवणावरून मन उडाल्यामुळे. वृद्धांच्या बाबतीतही वजन उतरू लागले तर ही कारणे डॉक्टरांना सांगावीत.

शरीराचा संबंध येतो तो दुसऱ्या बाजूनेही. प्रक्षेपणात आपण पाहिले असेल, की आपली चाल झाली की खेळाडू उठतात, फेऱ्या मारतात, पाणी पितात. आमच्याकडे हा नियम आम्ही उचलला. अर्ध्या तासाने उठायचे, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचे. एका जागी तासभर बसून एकदम उठले तर वृद्धांना भोवळ येऊ शकते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. म्हणून उठताना आधी खुर्चीच्या कडेला क्षणभर बसायचे, मग उभे राहायचे. पट मोठा घ्यावा, मोहरी बुडाशी जड असावीत. सासऱ्यांचा हात किंचित थरथरतो. हलकी प्लॅस्टिकची मोहरी एक उचलताना तीन पडत, आणि त्यांना त्याची लाज वाटे. उजेड बाजूने यावा, खिडकी डोळ्यांसमोर नको. आणि वेळ दुपारची, झोप झाल्यानंतरची. विस्मरण असलेल्या अनेक माणसांचा गोंधळ दिवेलागणीनंतर वाढतो. तेव्हा पट मांडला तर खेळ राहतो बाजूला आणि चिडचिड पदरी येते.

आता, बुद्धिबळाने स्मृतिभ्रंश टळतो का? या प्रश्नाचे ठणठणीत ‘होय’ देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतील काहींना काहीतरी विकायचे असते. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात न्यूयॉर्कमधील एका दीर्घ पाहणीचा निष्कर्ष आला होता. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींचा पाच-एक वर्षे मागोवा घेतला गेला. जे वाचन करीत, पटावरचे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नृत्य करीत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. निष्कर्ष सुखद आहे, पण तो जपून वाचला पाहिजे. खेळल्यामुळे मेंदू शाबूत राहिला, की ज्यांचा मेंदू आधीच बरा होता तेच खेळत राहिले, हे अशा पाहणीवरून नक्की ठरत नाही. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर बुद्धिबळ खेळले, तरी विस्मरण आलेच. म्हणून मी पट औषध म्हणून मांडत नाही. त्या चार तासांत ते कोणाचे रुग्ण नसतात, एवढ्यासाठी मांडते.

हरण्याविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. आमचा नातू, म्हणजे माझ्या मुलाचा मुलगा, अकरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या स्पर्धांत खेळतो. पणजोबांशी खेळताना तो काही दिवस मुद्दाम हरू लागला. कोणीतरी त्याला तसे सुचवले असावे. हेतू चांगलाच होता. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पट मिटला. “मला भीक नको,” एवढेच म्हणाले आणि दोन दिवस पटाला शिवले नाहीत. पोर रडवेले झाले. ज्यांना आपण काल काय जेवलो ते आठवत नाही, त्यांना समोरच्याने वजीर मुद्दाम सोडला हे मात्र ताबडतोब कळते, हे आपण काळजी घेणाऱ्यांनी पक्के लक्षात ठेवावे. पुढे आम्ही असे ठरवले, की नातू पूर्ण ताकदीने खेळेल, पण सुरुवातीलाच एक हत्ती कमी घेऊन बसेल. ही सवलत उघड असते, दोघांनाही ठाऊक असते, आणि पूर्वी मोठे खेळाडूही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला ती देत असत. त्यात अपमान नाही. हत्ती देऊनही तो जिंकतो तेव्हा सासरे त्याची पाठ थोपटतात आणि जिंकले की रात्रीच्या जेवणात एक पोळी जास्त खातात.

नातवाला मी व्हिक्टर कोर्चनॉय या खेळाडूची गोष्ट सांगितली. जानेवारी २०११ मध्ये जिब्राल्टरच्या स्पर्धेत त्याच्यासमोर फाबियानो कारुआना हा अठरा वर्षांचा, जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक, बसला होता. कोर्चनॉयला ऐंशी पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते आणि त्याच्याकडे काळी मोहरी होती. म्हातारा जिंकला. त्याच वर्षी, ऐंशी पार केल्यावर, तो स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेताही झाला. पुढे पक्षाघात झाल्यानंतरही तो चाकांच्या खुर्चीतून येऊन प्रदर्शनीय डाव खेळला. नातवाने ही गोष्ट पणजोबांना सांगितली. ते म्हणाले, “त्याचा स्वभाव फार तिरसट असणार.” होता खरा, कोर्चनॉयचा तिरसटपणा प्रसिद्ध होता. हे त्यांनी कशावरून ओळखले, देव जाणे.

सासऱ्यांच्या मनात खेळणाऱ्या बायकांविषयी जो आदर आहे, त्याचा उगम जुना आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही ते अजिंक्यपद मिळवले. ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांच्या या तिघी मुली. रनिंग रूममध्ये त्यांचे छापून आलेले डाव मांडून पाहत, असे सासरे सांगतात. तेव्हापासून घरातल्या मुलींना त्यांनी हा खेळ शिकवला. मी सून म्हणून आले तेव्हा मलाही शिकवला. आज मी त्यांच्यासमोर बसते ती त्यांनीच शिकवलेली विद्या घेऊन.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी त्यांनी हत्ती तिरका चालवला. मी काही बोलले नाही. पटाकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की असे होईल, आणि झाले तर नियम दाखवत बसू नका, खेळ चालू द्या. बहुतेक घरांना हा सल्ला योग्यच ठरेल. परंतु भीक नको म्हणणारा माणूस समोर असेल तर मौनही भीक ठरू शकते. मी विचारले, “बाबा, हा कुठून आला?” त्यांनी हत्तीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, वीस आकडे पूर्ण होऊन गेले असतील. मग त्यांनी तो उचलून मागे ठेवला आणि म्हणाले, “आज धुकं आहे, अगं. सिग्नल दिसत नाही.” बाहेर लख्ख ऊन होते. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

थांबण्याची ही रीत आम्हाला स्पर्धांकडूनच मिळाली. संगणक येण्यापूर्वी लांबलेला डाव तहकूब होत असे. ज्याची चाल असेल तो ती पटावर न खेळता कागदावर लिहून पाकिटात बंद करी; दुसऱ्या दिवशी पंच पाकीट उघडून ती चाल पटावर मांडत. १९७२ च्या गाजलेल्या सामन्यातला फिशर आणि स्पास्की यांचा शेवटचा डाव असाच तहकूब झाला होता, आणि स्पास्कीने दुसऱ्या दिवशी तो दूरध्वनीवरूनच सोडला. रात्रभर संगणकाला विचारता येऊ लागल्यावर ही प्रथा मोडली. आमच्या घरात संगणकाला विचारणारे कोणी नाही, त्यामुळे ती सुखाने चालू आहे. सासरे थकले, विचलित झाले, की मी म्हणते, “तहकूब.” ते चिठ्ठीवर पुढची चाल लिहितात, घडी घालतात, आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या कप्प्यात ठेवतो. पट कपाटावर उचलून ठेवावा लागतो. तो हलणार नाही असा सपाट हवा, आणि घरात मांजर असेल तर वर टोपली पालथी घालावी. सकाळी चिठ्ठीसाठी डबी उघडली की गोळी आपोआप हाती येते. आपण ती चाल लिहिली होती हे त्यांना आठवत नसते. चिठ्ठी उलगडताना त्यांचा चेहरा पाकीट फोडणाऱ्या पंचासारखा गंभीर असतो, अक्षर आपले आहे हे पाहून ते चकित होतात, मग मोहऱ्यांची आकृती पाहतात आणि म्हणतात, “बरोबर लिहिलंय की.” कधी चाल चुकीची असते. मग ते लिहिणाऱ्याला दोन शब्द सुनावतात आणि तरीही तीच चाल खेळतात, कारण बंद केलेली चाल बदलता येत नाही.

परवा त्यांनी लिहिलेल्या चिठ्ठीत घोडा नव्हता, उंट नव्हता. तिच्यावर फक्त ‘आधी चहा’ असे लिहिलेले होते. हे विस्मरण की थट्टा, मी विचारले नाही. ते पटाशी येऊन बसले होते, आणि चाल बंद केलेली होती. मी आधण ठेवले.